खिडकीवर रोज झेलावा लागणारा संताप आणि मनात साचत जाणारी चीड

प्रश्न : पूर्णाकाठ (परभणी जिल्हा)

मी तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे आणि अतिवृष्टी अनुदानाचा टेबल माझ्याकडे आहे. यादीत नाव का नाही, व्हीके नंबर (अनुदानासाठी मिळणारा विशिष्ट क्रमांक) आला तरी पैसे का पडले नाहीत, बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला मिळाले मग मला का नाही, असे प्रश्न घेऊन सकाळपासून माणसे उभी असतात. त्यांचा राग मला कळतो, कारण माझ्या माहेरचे सोयाबीनही पाण्यात गेले होते. खरा घाव बसतो तो वरिष्ठ बाहेर येऊन सगळ्यांदेखत "तुम्हाला एवढंही सांगता येत नाही का?" असे विचारतात तेव्हा. त्या वेळी मी चेहरा शांत ठेवते आणि पुढचा अर्ज हातात घेते, पण बोटे थरथरत असतात आणि रात्री अंथरुणावर पडल्यावरही तेच वाक्य कानात घुमत राहते.

अलीकडे मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. काठी टेकत आलेले एखादे आजोबा दिसले, तरी मनात पहिला विचार "हे आता कशाला आले" असा येतो. पूर्वी असे होत नव्हते. असे अनुभव आलेल्यांनी आणि या विषयातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त नायब तहसीलदार, अंबाजोगाई

ताई, समोरचा माणूस का चिडतो हे आधी पाहू. कोरडवाहू पिकाला आपत्तीच्या निकषांनुसार हेक्टरी ८,५०० रुपये धरले, तर एकरभर जमीन असलेल्याच्या वाट्याला साडेतीन हजारही येत नाहीत, आणि तेवढ्यासाठी तो रोजगार बुडवून, एसटीचे भाडे खर्चून तिसऱ्यांदा आलेला असतो. त्याला नकाराइतकाच "पुढच्या आठवड्यात बघू" या उत्तराचा संताप येतो, कारण पैसे नेमके कुठे अडले आहेत हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

अडण्याची कारणे बहुतेक वेळा ठरावीक असतात. आधार बँक खात्याला जोडलेले नसते, सामाईक गटातील बाकीच्या खातेदारांचे संमतीपत्र आलेले नसते, सातबारा आणि आधार यांवरील नावांत फरक असतो, किंवा बँकेने जुन्या कर्जापोटी खात्याला होल्ड लावलेला असतो. माझ्याकडे हे काम असताना मी एका कागदाच्या तुकड्यावर अडचण काय आहे, ती कोणाकडून सुटेल आणि पुन्हा केव्हा यावे एवढे लिहून देत असे. बँकेचा होल्ड असेल तर तसे स्पष्ट लिहीत असे, म्हणजे माणूस उगाच आमच्याकडे हेलपाटे घालत नसे. लेखी उत्तर हातात पडले की आवाज उतरतो, आणि खिडकीवरचा आवाज उतरला की साहेबांना बाहेर येण्याचे निमित्तही उरत नाही.

उत्तर : समुपदेशक, लातूर

वरील सूचना मोलाची आहे, पण ती समोरच्याच्या रागावर आहे. ताईंच्या मनात जे साचले आहे त्याबद्दल मी लिहितो. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत, मन विचलित करणारी चित्रफीत पाहताना चेहऱ्यावर काहीही दिसू न देणाऱ्यांची मूळ भावना कमी झाली नाही. उलट शरीरावरील ताणाच्या खुणा वाढल्या. आपली बोटे थरथरतात ती यामुळेही असू शकतात. चेहरा सांभाळणे नोकरीत टाळता येत नाही, म्हणून त्यानंतर लगेच दोन मिनिटे उठून पाणी पिऊन यावे आणि दिवस संपताना वहीत एकच ओळ लिहावी : कोणते वाक्य लागले आणि तेव्हा नेमके काय वाटले. राग, अपमान आणि "आपल्याच माणसांना आपण काही देऊ शकत नाही" ही टोचणी या तीन वेगळ्या भावना आहेत आणि प्रत्येकीवरचा उपायही वेगळा आहे.

आजोबांना पाहून मनात येणाऱ्या विचाराने स्वतःला निर्दय ठरवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामामुळे येणाऱ्या तीव्र थकव्याची जी लक्षणे नोंदवली, त्यांत शक्ती संपल्याची भावना आणि कामाबद्दल मनात येणारा दुरावा यांचा समावेश आहे. झोप उडाली असेल तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत.

उत्तर : परिचारिका, नांदेड

माझे मत थोडे वेगळे आहे. वही लिहा, पाणी प्या, हे सर्व त्रास सोसणाऱ्यालाच सांगितले जाते आणि सर्वांदेखत बोलणारा मात्र मोकळा राहतो. आमच्या वॉर्डात एका वरिष्ठांना ही सवय होती. आम्ही तिघीजणी मिळून त्यांच्या खोलीत गेलो आणि "चूक असेल तर आत बोलावून सांगा, रुग्णांच्या नातेवाइकांसमोर बोललात की ते आमचे ऐकेनासे होतात आणि कामच अडते" असे शांतपणे सांगितले. आमच्या भावना दुखावतात असे म्हटले असते तर ते हसण्यावारी गेले असते. काम अडते म्हटल्यावर त्यांनी ऐकले. शक्य असल्यास एकटीने जाऊ नका. आणि बोलण्यात बाई म्हणून हिणवणे किंवा अश्लील सूर असेल, तर ते सहन करण्याचा प्रश्नच नाही; दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे.

पूर्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तसा सूर त्यांच्या बोलण्यात नसतो, पण लोकांसमोर बोलतात हे खरे. चिठ्ठ्या मी उद्यापासून सुरू करते आणि शेजारच्या टेबलावरील सहकारी माझ्यासोबत यायला तयार आहेत. साहेबांशी बोलावे की लेखी द्यावे, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त नायब तहसीलदार, अंबाजोगाई

आधी बोलावे. लेखी दिले की ते आवक-जावकमध्ये चढते आणि माणूस उत्तर देण्याऐवजी बचाव करू लागतो. मात्र जिल्हाधिकाऱ्यांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) असलेला दिवस टाळा. त्या दिवशी साहेबांनाही वरून बोलणी बसलेली असतात आणि तीच पुढे तुमच्या टेबलापर्यंत येतात. व्हीसीच्या दुसऱ्या दिवशी, खिडकी उघडण्यापूर्वी जा, आणि जाताना त्या चिठ्ठ्यांची नोंदवही सोबत न्या.