जुना पीसी थंड असला की सुरूच होत नाही, तापला की दिवसभर चालतो : एसएमपीएस की मदरबोर्ड?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं एकदाच लिहून टाकते म्हणजे परत परत विचारायला नको.

मशीन असं आहे : कोअर २ ड्युओ ई७५००, जी४१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर२ च्या २ जीबीच्या दोन स्टिक, ग्राफिक्स बोर्डावरचंच, सॅटा हार्ड डिस्क, एक आयडीई डीव्हीडी रायटर आणि पीसीआय स्लॉटमध्ये स्कझी कार्ड (स्कॅनर जोडायचं). एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लायचा डबा) ४५० वॉटचा, मशीनसोबत आलेला तोच अजून आहे. विंडोज एक्सपी, ३२ बिट. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय हे माहीत आहे, म्हणून हे मशीन नेटला जोडतच नाही.

प्रॉब्लेम असा की सकाळी बटण दाबलं की सीपीयूचा फॅन फिरतो, एखाद सेकंदात सगळं बंद, मग आपोआप परत फिरतो, परत बंद, असं चालूच राहतं. डिस्प्ले येत नाही, बीप येत नाही. पाच-दहा मिनिटं तसंच चालू दिलं की एकदा कधीतरी धरतो आणि मग काही म्हणजे काही त्रास नाही, दिवसभर स्कॅनिंग करा, रीस्टार्ट करा, बंद करून लगेच चालू करा, पहिल्या फटक्यात सुरू.

आणि आता जे मला सगळ्यात विचित्र वाटतंय ते. रात्री मशीन शटडाउन करून भिंतीवरचं बटण चालूच ठेवलं तर सकाळी व्यवस्थित सुरू होतं. भिंतीवरचं बटण बंद केलं तरच सकाळी हा तमाशा. दोन्ही वेळेला मशीन रात्रभर बंदच असतं ना, मग फरक कशाने पडतो?

आत्तापर्यंत केलेलं : रॅम काढून खोडरबरने पिना साफ केल्या, एकेक स्टिक एकेका स्लॉटमध्ये लावून बघितली, फरक नाही. मेमटेस्ट८६प्लस (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) रात्रभर चालवलं, एकही एरर नाही. बायोसची तारीख मागे जात होती म्हणून सीआर२०३२ सेल मोजला, २.६ व्होल्ट भरला, नवीन टाकला, तारीख आता टिकते पण मूळ त्रास तसाच. डिस्क, रायटर, स्कझी कार्ड, कॅबिनेटचा फॅन सगळं काढून नुसता बोर्ड, सीपीयू आणि एक रॅम ठेवून बघितलं, तरी तेच. सीपीयूची थर्मल पेस्ट बदलली, बायोसमध्ये तापमान ४० च्या आसपास दाखवतो, म्हणजे तोही मुद्दा नसावा. हार्ड डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघितलं, रीअलोकेटेड सेक्टर शून्य, पेंडिंग शून्य.

बोर्डावरचे कॅपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या) टॉर्च मारून बघितले. सीपीयूच्या सॉकेटजवळची रांग एकदम सपाट आहे. पण २४ पिनच्या कनेक्टरजवळचा एक जण डोक्यावर किंचित फुगल्यासारखा वाटतोय. बोट फिरवलं तर बाकीच्यांच्या माथ्यावरची फुलीची खाच बोटाला लागते, ह्याच्यावर ती खाच वर उचलली गेलीय. गळती नाही, तपकिरी डाग नाही. त्याच्यामुळेच मी अडकलेय. हा एक कॅपॅसिटर बघितला की बोर्ड वाटतो आणि भिंतीवरच्या बटणाची भानगड आठवली की एसएमपीएस वाटतो.

माझ्याकडे मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सोल्डरिंग येतं पण बोर्डावर कधी केलेलं नाही. दुसरा एसएमपीएस सध्या हाताशी नाही. काहीही विकत घ्यायच्या आधी दोष नक्की कुठे आहे ते कळायला हवं. कसं शोधू?

प्रतिसाद :

मला विचाराल तर हे वय झालेलं मशीन आहे, आज एसएमपीएस, उद्या बोर्ड, परवा डिस्क. डेटा काढून घ्या आणि नवीन घ्या. ह्याच्यावर जो वेळ जाईल त्यात चार कामं होतील.

धागाकर्ती :

तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि रोजचं काम मी नवीन लॅपटॉपवरच करते. हे मशीन फक्त निगेटिव्ह स्कॅनरसाठी आहे. स्कॅनर स्कझीवर चालतो, कार्डाला साधा पीसीआय स्लॉट लागतो आणि कंपनीने त्याचं ६४ बिटचं सॉफ्टवेअर कधी काढलंच नाही. स्कॅन मात्र आजही अप्रतिम देतो. घरातल्या ३५ मिमी निगेटिव्हचे डबे अजून अर्धेही संपलेले नाहीत आणि त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांचा रंग उडत चाललाय, त्यामुळे ते काम पूर्ण होईपर्यंत हे मशीन मला जगवायचंच आहे.

प्रतिसाद :

भिंतीवरच्या बटणाचा मुद्दा तुम्ही लिहिलात हे फार बरं झालं, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे. पीसी शटडाउन केला तरी एसएमपीएस पूर्ण बंद नसतो. त्यात एक छोटी वेगळी सप्लाय कायम चालू असते, ५ व्होल्ट स्टँडबाय म्हणतात तिला, २४ पिनच्या कनेक्टरवर जांभळी वायर, ९ नंबरची पिन. पॉवर बटण दाबल्यावर बोर्डाला जाग येते ती ह्याच ५ व्होल्टवर. भिंतीवरचं बटण चालू असेल तर तो भाग रात्रभर चालू राहतो आणि कोमट राहतो. बटण बंद केलं की गार पडतो.

आता कॅपॅसिटर म्हातारे झाले, म्हणजे आतला इलेक्ट्रोलाइट सुकत आला, की त्यांचा ईएसआर म्हणजे अंतर्गत रोध वाढतो आणि गारठ्यात तो आणखी वाढतो. थोडे तापले की रोध उतरतो आणि ते काम करायला लागतात. म्हणून थंड असताना बंद, गरम झाल्यावर ठणठणीत. साधारण कॅपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये १०५ अंशाला २००० तास असं लिहिलेलं असतं, तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. स्टँडबायचा भाग रात्रंदिवस चालतो, त्यातले छोटे कॅपॅसिटर बऱ्याचदा एखाद्या तापणाऱ्या रेझिस्टरला किंवा हीटसिंकला चिकटून बसवलेले असतात, त्यामुळे सगळ्यात आधी तेच जातात.

बोर्डावर सीपीयूजवळचे जे कॅपॅसिटर आहेत ते पीसी बंद असताना गारच असतात, भिंतीवरचं बटण चालू असो की बंद. त्यांचा दोष असता तर दोन्ही सकाळी सारखाच त्रास झाला असता. म्हणून माझं मत एसएमपीएसकडे ८० टक्के. उरलेले २० तुमच्या त्या फुगलेल्यासाठी, कारण तो २४ पिनजवळ आहे म्हणजे स्टँडबायच्या लाइनवरही असू शकतो, आणि मग तोही रात्रभर व्होल्टेजखाली असतो.

मीटरने बघा. काळा प्रोब काळ्या वायरला, लाल प्रोब कनेक्टरच्या मागच्या बाजूने जांभळ्या वायरच्या खाचेत. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवा. आधी मशीन बंद असताना रीडिंग घ्या, मग बटण दाबतानाचं. ४.७५ ते ५.२५ च्या आत पाहिजे. मीटरला मिन-मॅक्स (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर तेच वापरा, नाहीतर खाली गेलेला आकडा डोळ्याला दिसणार नाही. हेच हिरव्या वायरवर करा, १६ नंबरची पिन. बोर्ड जेव्हा एसएमपीएसला चालू हो म्हणतो तेव्हा हिरवी वायर शून्याजवळ खेचली जाते. फॅन बंद पडताना ती शून्यालाच राहिली तर एसएमपीएस स्वतःहून बंद पडतोय. ती परत वर गेली तर बोर्डाने सोडली, आणि मग बोर्डाने का सोडली ते जांभळ्या वायरवरून कळेल.

प्रतिसाद :

वरच्यांनी बरोबर सांगितलंय, त्यात एक भर. दुसरा एसएमपीएस नसेल तर हेअर ड्रायर वापरा. सकाळी मशीन गार असताना, प्लग काढून, आधी फक्त बोर्डाच्या २४ पिनच्या भागावर मंद गरम हवा दोन-तीन मिनिटं द्या, एसएमपीएसला हवा लागू देऊ नका, मग प्लग लावून चालू करून बघा. दुसऱ्या सकाळी उलट करा, फक्त एसएमपीएसच्या जाळीतून हवा द्या. ज्याला ऊब दिल्यावर मशीन सुरू होईल दोष त्याच्यात. ड्रायर लांबून धरा, प्लास्टिक वितळेल इतका नको.

आणि कृपा करून एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. सोल्डरिंग येतं म्हणून हात घालायची ती जागा नाही.

प्रतिसाद :

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काही सापडतं का बघा, अचानक बंद पडल्याची नोंद असते तिथे.

धागाकर्ती :

आभार सगळ्यांचे. इव्हेंट व्ह्यूअरचा इथे उपयोग नाही, बायोसची स्क्रीन यायच्या आधीच बंद पडतंय, विंडोजपर्यंत गाडी पोचतच नाही.

मीटरची रीडिंग देते. गार मशीन, भिंतीवरचं बटण नुकतंच चालू केलेलं : जांभळी वायर ४.८८, पण स्थिर नाही, शेवटचा आकडा सारखा नाचतो. पॉवर बटण दाबल्यावर मिन-मॅक्सवर सगळ्यात कमी ४.२७. मीटर हळू आहे, म्हणजे प्रत्यक्षात ह्याहून खाली जात असणार. हिरवी वायर प्रत्येक वेळी शून्याजवळ जाते आणि फॅन थांबताना परत वर येते. मशीन तापल्यावर तीच जांभळी वायर बंद असताना ५.०३ आणि चालू करताना कमीत कमी ४.९७.

ड्रायरही केला. बोर्डावर हवा दिली त्या सकाळी काहीच फरक नाही, तेच फिर-थांब. एसएमपीएसच्या जाळीतून दिली त्या सकाळी पहिल्याच बटणाला बायोसची बीप आली. ती बीप ऐकून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

म्हणजे बटण दाबलं की स्टँडबायवर लोड येतो, व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होऊन हिरवी वायर सोडतो, लोड गेला की व्होल्टेज वर येतं, बोर्ड परत प्रयत्न करतो, आणि हेच गोल गोल. बरोबर समजतेय का?

प्रतिसाद :

अगदी बरोबर. ४.२७ म्हणजे फारच खाली, बोर्ड रीसेट होणारच. एसएमपीएस बदला. जुन्या बोर्डाला आजचा कुठलाही चांगला एटीएक्स एसएमपीएस चालतो, २४ पिन तेच, सीपीयूचं ४ पिन तेच, ई७५०० चा टीडीपी (म्हणजे सीपीयू साधारण किती उष्णता टाकतो तो आकडा) ६५ वॉट आहे त्यामुळे मोठ्या वॉटेजच्या मागे लागू नका. फक्त तुमचा रायटर आयडीई आहे, त्याला जुनं चार पिनचं मोठं मोलेक्स कनेक्टर लागेल. हल्ली काहींवर एखाददुसरंच देतात, तेवढं मोजून घ्या. आणि सीपीयूचं कनेक्टर ४ अधिक ४ असं सुटं होणारं असेल तर अर्धंच लावायचं, बाकीचं लोंबकळत राहिलं तरी चालतं.

बदलेपर्यंत भिंतीवरचं बटण रात्री चालू ठेवून दिवस ढकलू नका. स्टँडबाय सप्लायमध्ये काही डिझाइन अशी असतात की त्यांतला फीडबॅकजवळचा कॅपॅसिटर पूर्ण गेला तर व्होल्टेज खाली जायच्याऐवजी वर जातं, आणि मग बोर्डालाच घेऊन जातं.

धागाकर्ती :

हे शेवटचं वाचून आधी प्लग काढला.

ओळखीतल्या एकांकडून चालू असलेला एसएमपीएस दोन दिवसांसाठी आणला. रात्रभर प्लग काढलेलं मशीन, बोर्ड पूर्ण गार, तरी सकाळी पहिल्या बटणाला सुरू. दुसऱ्या दिवशीही तसंच. जांभळी वायर ५.०६, बटण दाबताना कमीत कमी ५.०१. त्यामुळे एसएमपीएसचा निकाल लागला, नवीन घेतेय, मोलेक्स मोजूनच.

राहिला तो बोर्डावरचा फुगलेला. त्याच्यावर ६.३ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरड, १०५ अंश असं आहे, व्यास ८ मिमी. मशीन आत्ता नीट चालतंय पण जुन्या एसएमपीएसच्या कमीजास्त व्होल्टेजने त्याला त्रास झाला असेल तर आज ना उद्या तो जाणारच असं वाटतं. लो ईएसआरचा, तितकेच मायक्रोफॅरड आणि तितकेच किंवा जास्त व्होल्टचा टाकायचा इतपत वाचलंय. पण त्याची एक पिन ग्राउंडच्या मोठ्या कॉपरला जाते, माझी २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री तिथलं लेड-फ्री सोल्डर वितळवेल असं वाटत नाही. ज्यांनी बोर्डावर हे केलंय त्यांनी सांगा, किती वॉटची इस्त्री घेऊ, आणि आधी थोडं लेडचं सोल्डर मिसळून मग काढायचं ही पद्धत चालते का?

प्रतिसाद :

चालते, तीच पद्धत वापरा. ६० वॉट, तापमान सेट करता येणारी, टोक रुंद छिन्नीसारखं, बारीक सुईसारखं अजिबात नको, ते लगेच गार पडतं. दोन्ही पिनांवर लेडचं सोल्डर आणि फ्लक्स घाला, मग एक पिन तापवून कॅपॅसिटर किंचित तिकडे कलवा, मग दुसरी, असं आळीपाळीने हळूहळू बाहेर येतो. ओढायचा नाही, ओढला तर भोकाच्या आतलं कॉपरचं अस्तर निघून येतं आणि मग बोर्ड गेला. आणि काढायच्या आधी फोटो काढा. बोर्डावरची रंगवलेली बाजू निगेटिव्हच असते असं धरू नका, काही बोर्डांवर उलट असते. जुन्या कॅपॅसिटरची पट्टी कुठल्या बाजूला होती तेच खरं. उलटा बसला तर चालू करताच फुटतो.

धागाकर्ती :

फोटो काढून ठेवलाय, पट्टी रॅमच्या स्लॉटच्या बाजूला आहे. एका बंद पडलेल्या बोर्डावर आधी हात बसवते, मग ह्याला लावते. झालं की इथेच लिहीन. तोवर ६.३ च्या जागी १० व्होल्टचा ८ मिमीमध्ये कोणी बसवला असेल तर उंचीचा प्रॉब्लेम आला का तेवढं सांगा, वर हार्ड डिस्कचा पिंजरा येतो आणि मधे जागा जेमतेम बोटभर आहे.