मुलीला फुटबॉल सुरू करायचाय, सीवूड्स-नेरुळ बाजूला कुठून सुरुवात करू?

सीवूड्सची_आई
नमस्कार. लेक ७ वर्षांची आहे, दुसरीत. सोसायटीतली मोठी मुलं खेळतात तेव्हा कठड्यावर बसून बघत असते आणि आता रोज मागे लागलीय की मलापण खेळायचंय. आमच्या घरात कोणी कधी खेळलेलं नाही. मामाने हौसेने बॉल आणला पण तो एवढा जड की दोन किका मारल्या आणि पाय दुखतो म्हणून बसली, तेव्हापासून बॉल बाल्कनीत पडून आहे. थेट अकॅडमीत घालू का? मुलींची वेगळी बॅच शोधू का? बूट कुठले? सगळे म्हणतात लवकर घाला नाहीतर उशीर होईल, टेन्शन आलंय.

घणसोलीचा_बाबा
ताई, आधी तो बॉल उलटून बघा, ५ लिहिलेलं असणार. तो १२ वर्षांपुढच्या मुलांचा. तुमच्या लेकीला ३ नंबर आणा, आठ-नऊची झाली की ४. पाय दुखला त्यात तिचं काही चुकलं नाही.

अकॅडमीचं म्हणाल तर घाई करू नका, मी केली होती. मुलगा सहाचा असताना किटसकट तीन महिन्यांची फी एकदम भरली. एक दिवस कडेला बसून मोजलं, तासाभरात त्याच्या पायाला बॉल ११ वेळा लागला! २४ पोरं, ४ बॉल आणि एक सर, बाकी वेळ कोनमागे रांगेत उभा. महिन्याभरात जायचं म्हटलं की रडायचा. म्हणून सांगतो, ट्रायलला गेलात की दुसरं काही बघू नका, बॉल मोजा. प्रत्येक पोराला एक बॉल हवा आणि शेवटी तीन-तीन, चार-चारच्या छोट्या मॅच हव्यात. अकरा-अकराची मॅच या वयात लावली तर लहान पोरं नुसती धावतात, बॉल मिळतच नाही.

ठाण्याचा_कोच
वरच्या दादांशी सहमत. मी शाळेतल्या मुलांना शिकवतो, त्यातून दोन गोष्टी.

सुरुवातीचा महिना घरीच होऊ दे. तळपायाने बॉल पुढे-मागे लोळवायचा, मग दोन्ही पायांच्या आतल्या बाजूने इकडून तिकडे. तुम्ही पाठ करून उभं राहायचं, ती बॉल घेऊन चालत येणार, तुम्ही "थांब" म्हणून वळलात की तिने बॉलवर पाय ठेवून पुतळा व्हायचं. या एवढ्याशा खेळात मान वर ठेवून बॉल सांभाळायची सवय लागते, जी मोठ्या मुलांना लावताना माझा घाम निघतो. डावा पायही वापरायला लावा, आत्ता लावलात तर लागेल.

हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, अजिबात नको. इंग्लंडमध्ये २०२० पासून ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नका असंच सांगितलंय.

बूट स्टडवाले (खाली मोठे खुंट असलेले) घेऊ नका, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत आहे, त्याला खाली बारीक रबरी गोळ्या असलेले टर्फ शूज लागतात. पुढच्या वर्षीही होतील म्हणून दोन साइज मोठे तर नकोच, बॉल पायाला कळत नाही. शिनगार्ड (नडगीवर बांधायचं कवच) मात्र पहिल्या दिवसापासून. एप्रिल-मेमध्ये टर्फ तव्यासारखं तापतं, संध्याकाळी साडेपाचनंतरचीच बॅच घ्या.

खारघरची_मावशी
मुलींची वेगळी बॅच आत्ताच कशाला? या वयात मुलं-मुली एकत्र खेळतात तेच बरं, २०१८ ला एआयएफएफने (भारतीय फुटबॉल महासंघाने) लहान मुलांसाठी सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमध्येही एकाच टीममध्ये दोघं खेळायची. फक्त तिला पास मिळतोय ना एवढं बघा, माझ्या मुलीला सुरुवातीला कोणी देतच नव्हतं आणि ती गप्प राहायची. सरांशी बोलले तेव्हा बदललं.

आणि तिला मुली खेळताना दाखवा. २०२२ ला नेरुळच्या डी. वाय. पाटीलवर १७ वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं, आम्ही लेकीला घेऊन गेलो होतो. पूर्ण वेळ खुर्चीवर उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला स्वतः उठून मोजे घालून बसली, मला अजून आठवलं की भरून येतं.

एक कळकळीने सांगते, कडेवरून "किक मार, किक मार" ओरडू नका आणि रिक्षात बसल्यावर मॅचचा हिशोब काढू नका. पाणी द्या, वडापाव खाऊ द्या, तिला वाटलं तर तीच बोलेल.

सीवूड्सची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. ३ नंबरचा बॉल आणला. काल हॉलमध्ये गालिचा गुंडाळून "थांब" खेळलो, पाऊण तास झाला तरी ती सोडायला तयार नाही, शेवटी मीच दमले. आता पार्किंगमध्ये बॉल चालत नाही म्हणतात, तर सकाळी कुठे नेऊ?

घणसोलीचा_बाबा
सातच्या आधी सेक्टरमधल्या महापालिकेच्या मैदानावर जा, क्रिकेटवाले यायच्या आत. एक भिंत असलेला कोपरा धरा, पास मारला की बॉल परत येतो, तुम्हाला धावावं लागत नाही.