कोर्स नवा आहे, 'सरकारमान्य' म्हणतात. खात्री कशी करायची?

कन्नमवारनगर, विक्रोळी:
मुलगी यंदा बारावी झाली. भिवंडीच्या एका गोदाम कंपनीने तिला वर्षभराच्या अप्रेंटिसशिपसाठी बोलावलंय. कोर्सला नुकतीच सरकारी मान्यता मिळाली म्हणतात, पण आयटीआयच्या ट्रेडमध्ये हे नाव कुठेच दिसत नाही. तिचं वर्ष फुकट जायला नको, म्हणून विचारतेय.

परळ वर्कशॉप, निवृत्त:
ताई, नाव दिसत नाही म्हणून घाबरू नका. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात फिटर, टर्नर, वायरमन असे सरकारने ठरवून दिलेले ट्रेड होते. २०१४च्या दुरुस्तीने ऐच्छिक ट्रेड आले. त्यांचा अभ्यासक्रम कंपनी स्वतः आखून सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर टाकते. गोदामाचा कोर्स त्यातला असू शकतो.

पण कोर्सला मान्यता असली म्हणजे मुलीचा करार नोंदला गेला असं होत नाही. मी पोरांच्या हातात कानस देऊन त्यांना शिकवण्यात नोकरी घालवली, म्हणून पोटतिडकीने सांगतो: पोर्टलवर करार नोंदल्याशिवाय तिला एक दिवसही पाठवू नका. मुदत, विद्यावेतन, कोर्सचं नाव वाचूनच तिला सही करू द्या. आणि तिथे शिकवणार कोण, हे समोर बसून विचारा. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. काही जण तेवढा आकडा भरतात आणि पोरांना नुसती खोकी उचलायला लावतात. याची मला फार चीड आहे.

भांडुपचा इलेक्ट्रिशियन:
काका म्हणतात ते खरंय. मी होतो तिथे करार नोंदलाच नव्हता. वर्षभर राबलो, परीक्षेला बसता आलं नाही, प्रमाणपत्रही नाही.
ताई, तिचं बँक खातं आधारशी जोडून ठेवा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनातला सरकारचा वाटा (२५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये) थेट उमेदवाराच्या खात्यात येतो.

कन्नमवारनगर, विक्रोळी:
दोघांचे आभार. नंतर नोकरी नक्की, असं तोंडी म्हणालेत. धरून चालू का?

परळ वर्कशॉप, निवृत्त:
नाही. करारात तसं लिहिलं असेल तरच धरा, एरवी कायद्याची सक्ती नाही. शेवटी परीक्षा घेऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र देणार का, तेही विचारा. कराराचा मसुदा मिळाला की नाव-पत्ता झाकून इथे टाका, मी ओळ न् ओळ वाचतो.