परदेशात बाळासोबतचे लक्षात राहिलेले जेवण : आपले अनुभव लिहा

तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी गेल्यावर आई-वडिलांना अन्न गरम असताना जेवायला मिळणे हीच मोठी गोष्ट असते, आणि त्यात बाळानेही चार घास आवडीने खाल्ले तर ते जेवण कायमचे लक्षात राहते. सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांतील मुले-सुना, लेकी-जावई आता बाहेरदेशी जात-येत असतात, म्हणून सर्वांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. बाळाचे वय आणि स्वयंपाक करणाऱ्यांना काय सांगावे लागले, तेही अवश्य लिहावे. सुरुवात मी करते.

सातारा

लेक आठ महिन्यांची असताना आम्ही श्रीलंकेत कँडीला एका घरगुती निवासात उतरलो होतो. महिन्याची पहिली तारीख होती, आणि त्या दिवशी तिकडे अनेक घरांत किरीबत करतात, म्हणजे तांदूळ पाण्यात मऊ शिजवून मग दाट नारळाच्या दुधात आटवलेला भात. घरच्या आजींनी बाळाचे वय विचारले आणि मीठ घालण्याआधीच वाटीभर भात बाजूला काढला. उरलेला भात ताटात पसरून त्यांनी केळीच्या पानाच्या तुकड्याने दाबून सपाट केला आणि सुरीने तिरक्या वड्या पाडल्या. तिकडे बाळाच्या पहिल्या घासाला हाच भात असतो, असे त्यांनी सांगितले. आमच्याकडे उष्टावणाला मामा खीर भरवतो, हे ऐकून त्या इतक्या आनंदल्या की लेकीला मांडीवर घेऊन त्यांनीच भरवले. मोठ्यांसाठी कांदा-मिरचीची लुणुमिरिस होती, आपल्या खर्ड्याच्या तोडीची. बाळंतपणानंतर दोन्ही हात मोकळे ठेवून मी इतकी निवांत प्रथमच जेवले.

सांगली

साताऱ्याच्या ताईंनी लिहिलेला मिठाचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. वर्षाच्या आतील बाळाला मीठ टाळावे आणि मध तर मुळीच देऊ नये, कारण त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होण्याचा धोका असतो. परदेशात प्रेमाने कोणी मध चाटवू लागले, तरी नम्रपणे नाही म्हणावे.

आमचा अनुभव इटलीतील बोलोन्याचा. तेथील बरीच उपाहारगृहे संध्याकाळी साडेसातच्या सुमारास उघडतात आणि आमचा दहा महिन्यांचा मुलगा तोवर पेंगायला लागायचा, म्हणून आम्ही दुपारचेच जेवण मुख्य ठेवले. तिकडे लहान मुलांना पास्तीना देतात. हा अगदी बारीक पास्ता सहसा मांसाच्या रश्शात शिजवतात. आम्ही शाकाहारी असल्याचे सांगताच मालकीणबाईंनी गाजर, सेलरी आणि कांदा उकळून वेगळे पाणी तयार केले. वरून पार्मेजान किसायला त्या निघाल्या, तेव्हा मात्र आम्ही थांबवले, कारण ते चीज वासराच्या जठरातील रेनेट (दूध साकळवणारा पदार्थ) वापरून करतात आणि ही गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ शाकाहारी मंडळींना ठाऊक नसते. त्यांनी मनाला लावून न घेता ऑलिव्ह तेलाची धार सोडली, आणि मुलाने बशी पुसून खाल्ली.

मिरज

जपानमध्ये ओकायु, म्हणजे मऊ पातळ भात, मागावा. बाळासाठी पहिल्यांदा करताना एक माप तांदळाला दहा मापे पाणी घालतात. आमच्या सासूबाईंना तो आपला गुरगुट्या भातच वाटला. शाकाहारी असाल तर दाशी, म्हणजे माशाचे सार, घातलेले नाही ना, एवढे विचारून घ्यावे. क्योतोत ततामी चटईच्या बैठकीची जागा मिळाली, चपला बाहेर काढलेल्या असल्याने नात निर्धास्त रांगत राहिली आणि आम्ही आळीपाळीने न जेवता एकत्र जेवलो.

कऱ्हाड

सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला, म्हणजे एका छताखालच्या खाद्यगाळ्यांवर एकत्र जेवण्याच्या पद्धतीला, 2020 साली युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, पण आम्हाला तिचे मोल लिटल इंडियातील टेक्का सेंटरमध्ये गरम इडली मिळाली तेव्हा कळले. तेथे टेबलावर टिश्यूचे पाकीट ठेवून जागा धरतात, त्यामुळे एकाने बाळाजवळ बसावे आणि दुसऱ्याने रांगेत उभे राहावे. बेबी चेअर मिळाली तरी तिचा पट्टा धड असेलच असे नाही. आम्ही सुती ओढणी कमरेभोवती बांधून बाळाला बसवले आणि इडली कुस्करून त्याच्या हाती दिली.