क्लोज-अप फोटोग्राफी सुरू करायची आहे: काय घेऊ, नागपुरात कुठे जाऊ?

गच्चीवरची_बाग:
नमस्कार मंडळी. मी धंतोलीत राहते. गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे. मागच्या आठवड्यात एका पानावर पक्ष्याची शिट दिसली, पुसायला गेले तर ती हलली. अळी होती! मोबाइलने फोटो काढला, मोठा करून पाहिला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिले. बारा वर्षं फोडणीसाठी ही पानं तोडतेय, पण झाडाकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. घरात जुना कॅननचा डीएसएलआर आहे, १८-५५ मिमी झूम लेन्ससकट. मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची खास लेन्स) परवडणार नाही, चार-पाच हजार जमतील. काय घेऊ? आणि कुठे फिरू?

अंबाझरीची_पहाट:
ताई, एक्स्टेंशन ट्यूबचा संच घ्या. आत काच नसते, नुसती पोकळ नळी, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसते. ३६ मिमीची नळी ५५ मिमीवर लावली की लेन्सच्या मूळ मॅग्निफिकेशनमध्ये (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट, त्यात) सुमारे ०.६५ची भर पडते. नळीत धातूचे संपर्कबिंदू आहेत ना, हे दुकानात बघूनच घ्या. नाहीतर कॅननवर ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) बदलता येत नाही. १८ मिमीवर मात्र लावू नका, फोकस लेन्सच्या आतच पडतो.

रिव्हर्स_रिंग:
त्याहून स्वस्तात होतं. लेन्स उलटी बसवायची रिंग घ्या, गंमत म्हणजे उलटी लावल्यावर १८ मिमीलाच सगळ्यात मोठं दिसतं. ॲपर्चरसाठी एक युक्ती आहे: लेन्स सरळ असताना एफ/८ ठेवा, डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण (हे दाबलं की ॲपर्चरची पाती मिटतात) दाबून धरा आणि तसंच लेन्स काढा. पाती मिटलेलीच राहतात. पण मागची काच उघडी पडते, धूळ सांभाळा.

अंबाझरीची_पहाट:
सुरुवातीला ते अवघड जाईल हो. एवढ्या जवळून एफ/८ लाही एक मिलिमीटरसुद्धा नीट फोकसमध्ये राहत नाही. म्हणून ऑटोफोकस बंद करा, श्वास रोखा आणि स्वतःच किंचित पुढे-मागे झुला. डोळा स्पष्ट आला की बाकी धूसर चालतं. दुसरी गोष्ट, प्रकाश फार कमी पडतो. पॉप-अप फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर लावा, उरलेले पैसे त्यातच वाचतात.

जागेचं म्हणाल तर महाराजबाग, सेमिनरी हिल्स, अंबाझरी. पण माझं ऐकाल तर पहिला महिनाभर ती कुंडी सोडू नका. रोज सकाळी सहा-साडेसहाला जा. गारव्यात किडे सुस्त असतात, पंखांवर दव असतं. उभ्याने वरून काढू नका, गुडघे टेका, अळीच्या डोळ्याच्या उंचीवर या. मी दोन वर्षं वरूनच फोटो काढले, सगळे नुसते पुराव्यासारखे दिसतात.

काटोलचा_बागवान:
ताई, ती अळी लिंबाच्या फुलपाखराची नाहीतर त्याच्या जातभाईची असंन. आमच्या संत्र्यावर नवती (कोवळी पालवी) आली का येतेच. लहानपणी पाखराच्या शिटेसारखी दिसते म्हणून पाखरं खात नाहीत. चारदा कात टाकते, शेवटी हिरवीगार होते. तिले हळूच काडी लावून पाहा, डोक्यामागून दोन शिंगं बाहेर काढते, वास सोडते. मी इतकी वर्षं तिले फवाऱ्यानंच पाहिलं. मागच्या साली पोराच्या मोबाइलवर तिचा फोटो पाहिला, तवापासून दोन झाडं तिच्यासाठी सोडून देतो.

गच्चीवरची_बाग:
दादा, खरंच हिरवी झाली! काल शिंगंही दिसली, नारिंगी. फोटो हलला, पण दिसली. ट्यूब मागवली आहे. तुमच्या बागेत येऊ का? कधी आलं तर चालेल?

काटोलचा_बागवान:
या ना ताई. शनिवारी फवारणी आहे, त्याच्या आधी या. अन् पायात बूट घालून या, गवत ओलं राहते.