खादाडपणा, प्रार्थना आणि माझी आई

एका ताईंनी इथे लिहिलंय की खादाडपणा हे पाप आहे आणि मनापासून प्रार्थना केली की वजन उतरतंच. माझी आई ठाण्यात तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये आयुष्यभर जातेय. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. म्हणून हे वाक्य फार लागलं.

अमेरिकेत ग्वेन शॅम्ब्लिन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'वे डाऊन' (Weigh Down) या वजन उतरवण्याच्या ख्रिस्ती कार्यक्रमात कुठलाच पदार्थ वर्ज्य नव्हता. खरी भूक लागेपर्यंत थांबायचं, पोट भरलं की हात आवरायचा, आणि उगाच खावंसं वाटलं तर देवाकडे वळायचं. यातलं शेवटचं आईला खरंच उपयोगी पडलं. गेल्या उपवासकाळात (ईस्टरआधीच्या लेंटमध्ये) रात्री फ्रीज उघडण्याऐवजी ती रोझरी, म्हणजे जपमाळ, हातात घ्यायची. तेवढ्या वेळात ओढ बहुतेकदा ओसरायची. जेवणाच्या वेळा मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तशाच पाळल्या, कारण इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर धोकादायक खाली जाते. आजारी माणसाला उपवासाची सक्ती चर्चही करत नाही.

पण वजन उतरलं नाही म्हणजे श्रद्धा कमी, हे मी मान्य करणार नाही. थायरॉइड असतो, औषधं असतात, अपुरी झोप असते. आणि 'शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर' हे वचन सगळे जाडीवर लावतात; बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय उघडून बघा, तिथे ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल व्यभिचाराबद्दल बोलतोय. कृपया ते कुणाच्या ताटाकडे बघून म्हणू नका.