आकाशाचा नाथ की आंब्याचा?

अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात गाभाऱ्याला छप्पर नाही, वर थेट आकाश, म्हणून ‘अंबर’नाथ, अशी नावाची फोड सांगतात. ती कानाला गोड लागते, पण देवळातलाच शिलालेख वेगळं सांगतो. शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा लेख आहे तो, शिलाहार राजा मम्वाणीच्या काळातला. त्यात देवाचं नाव ‘आम्रनाथ’ असं वाचलं गेलंय. आम्र म्हणजे आंबा! आकाशाचा अर्थ नंतर, उघडा गाभारा पाहून कोणीतरी जोडला असावा, असं मला वाटतं.

पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, कोंबडा आरवला आणि कळस राहिला, ही गोष्ट मीही आजीकडून ऐकली. (आपल्याकडे जुनं दगडी काही दिसलं की पांडव आलेच.) ठाण्याहून लोकलने महाशिवरात्रीला जायचो. रांग वालधुनी नदीच्या काठापर्यंत. वीसेक पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात पिंडीपाशी पोचलो की आजी मान वर करून म्हणायची, “बघ, कोंबडा आरवला तो इथे.” शिलालेखाबद्दल तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, राजाला काय कळतंय.